प्रीएक्लॅम्प्सियात एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन: नमुना कधी घ्यायचा, आकडा कसा वाचायचा

प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून होणारा आजार) म्हटलं की सगळ्यांचं लक्ष झटक्यांवर, म्हणजे फिट येण्यावर असतं. त्यात चूक काही नाही. पण झटका न येता, झटके रोखणारं मॅग्नेशियम वेळेवर मिळूनही, काही बायांच्या फुप्फुसांत पाणी भरतं. बहुतेक वेळा ते बाळंतपणानंतर होतं, वॉर्डातले सगळे निर्धास्त झाल्यावर. प्रीएक्लॅम्प्सियाच्या शंभर रुग्णांमागे साधारण दोघी-तिघींवर ही वेळ येते. त्या आधीच हेरायच्या असतील तर हृदयाच्या रक्तचाचण्यांचा, म्हणजे एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिनचा, उपयोग होतो. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत काम करणारे डॉक्टर, सिस्टर आणि लॅबवाले डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. घरच्यांनी वाचायला हरकत नाही, औषधं मात्र डॉक्टरांच्याच हातून.

या चाचण्यांनी प्रीएक्लॅम्प्सियाचं निदान होत नाही, आणि बाळंतपण कधी करायचं हेही त्या ठरवत नाहीत. हृदयावर ताण किती आहे, सलाईन किती हात राखून द्यायचं आणि बाईला कुठल्या रुग्णालयात ठेवायचं, एवढंच त्यांना विचारावं.

हृदयाचा संबंध कुठे येतो

प्रीएक्लॅम्प्सियात रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. हृदयाला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं, डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ होते आणि तो नीट सैल पडत नाही. पंपिंग, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, बऱ्याचदा नॉर्मल असतं. बिघाड भरण्याच्या टप्प्यात असतो. त्यात रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन, अल्ब्युमिन, लघवीवाटे गेलेलं आणि केशवाहिन्या गळक्या झालेल्या. अशा वेळी दोन बाटल्या सलाईन जोरात सोडलं की पाणी थेट फुप्फुसांत उतरतं.

कप्प्याची भिंत ताणली गेली की हृदयाच्या पेशी प्रोबीएनपी नावाचं प्रथिन सोडतात. त्याचे दोन तुकडे होतात, बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी. पहिला वीसेक मिनिटांत निम्मा होतो, दुसऱ्याला निम्मा व्हायला तास-दीड तास लागतो, म्हणून लॅबसाठी दुसरा सोयीचा. ट्रोपोनिन वेगळं आहे. ते पेशीला इजा झाल्यावर रक्तात येतं. थोडक्यात, एनटी-प्रोबीएनपी ताण दाखवतं आणि ट्रोपोनिन जखम.

सीके-एमबी (हृदयाच्या इजेची जुनी चाचणी) मात्र प्रसूतीच्या काळात मागवूच नका. गर्भाशय आणि वारेतूनही ते येतं, कळांच्या वेळी वाढतं आणि उगाच धावपळ होते. डी-डायमरचीही (रक्तातल्या गुठळीची चाचणी) गरोदरपणात तीच गत.

आधी बीपी, मग लॅब

विसाव्या आठवड्यानंतर चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा जास्त बीपी, सोबत लघवीत प्रथिन (पट्टीवर २+, किंवा प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.३ वा अधिक) असेल तर प्रीएक्लॅम्प्सिया. प्रथिन नसलं तरी प्लेटलेट एक लाखाखाली, क्रिएटिनिन १.१च्या वर, यकृताची एन्झाइम दुप्पट, फुप्फुसांत पाणी, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही एक असलं तरी निदान तेच. बीपी १६०/११०च्या वर गेलं आणि पंधरा मिनिटांनीही तसंच राहिलं, तर अर्ध्या ते एका तासात औषध जायलाच हवं: लॅबेटॅलॉल २० मिग्रॅ शिरेतून, दहा-दहा मिनिटांनी ४० आणि ८०, किंवा निफेडिपिन १० मिग्रॅ तोंडाने, वीस मिनिटांनी गरजेप्रमाणे २०. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर लॅबेटॅलॉल नको.

झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्के द्रावणाच्या २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रेफर करताना दोन्ही ढुंगणांत खोलवर ५-५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी १० मिली. रुग्णालयात शिरेतून ४ ग्रॅम द्यायचं तर ५० टक्क्यांचं ८ मिली घ्या, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर मिसळून २० मिली करा आणि पाच ते दहा मिनिटांत हळूहळू द्या. पुढच्या प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा झटका (हातोडी मारल्यावर पाय उडणं) येतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, चार तासांत १०० मिली लघवी झाली का, हे पाहायचं. मॅग्नेशियमचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, खाटेजवळ हवंच.

यातलं काहीही रिपोर्टसाठी थांबवायचं नाही. आम्ही हे ठासून सांगतो, कारण नवी चाचणी हाती आली की तिचा रिपोर्ट येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची सवय लागते.

कोणाची तपासणी करायची

प्रत्येक गरोदर बाईची नाही. पहिल्या तिमाहीत सरसकट एनटी-प्रोबीएनपी करून पुढे कोणाला प्रीएक्लॅम्प्सिया होईल हे सांगता येत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात तर ज्यांचा सुरुवातीचा आकडा कमी होता, त्यांनाच पुढे बीपीचा त्रास जास्त दिसला. त्या टप्प्यावर जुना इतिहास, बीपी, आणि जोखीम असेल तर सोळाव्या आठवड्याआधी सुरू केलेली ॲस्पिरिन यांचाच जास्त उपयोग.

चाचणी यांच्यासाठी: गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया, ३४ आठवड्यांच्या आत सुरू झालेला, धाप, छातीत दुखणं किंवा ऑक्सिजन ९५च्या खाली, जुळी बाळं, हिमोग्लोबिन ७-८च्या घरात, सिकलसेल, झडपेचा जुना आजार किंवा हृदयातून कधी काळी आवाज आल्याची नोंद. कॅलिफोर्नियात मातामृत्यूंच्या अभ्यासातून धोक्याच्या खुणांची एक यादी निघाली आहे, ती भिंतीवर लावण्यासारखी आहे: बसल्या जागी धाप, नाडी १२० किंवा जास्त, वरचं बीपी १६० किंवा जास्त, श्वास ३० किंवा जास्त, ऑक्सिजन ९४ किंवा कमी, आणि चार उशा घेतल्याशिवाय झोप न येणं.

उशांचा प्रश्न धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर चालत नाही. गोधडीवर झोपणारी बाई उशा कशा मोजणार? “आडवं पडता येतं का, की भिंतीला टेकून रात्र काढावी लागते?” असं विचारा. अहिराणी बोलणाऱ्या बाईला “दम लागी ऱ्हायना का? छातीमा दुखस का?” म्हटलं की मान डोलावण्यापलीकडे चार शब्द जास्त मिळतात. पावरी किंवा भिली बोलणारी असेल तर आशाताईंना जवळ बसवा. आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की २६चे २४ किंवा २८ होतात.

लॅब असेल तर या खुणांच्या जोडीला फुलपिअर्स हे गणित वापरता येतं. गर्भाचे आठवडे, छातीत दुखणं वा धाप, ऑक्सिजन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि एएसटी (यकृताचं एन्झाइम) यांवरून पुढच्या ४८ तासांतल्या गुंतागुंतीचा अंदाज ते देतं. २०११ पासून ते प्रसिद्ध आहे, गणनयंत्र इंटरनेटवर फुकट मिळतं. लॅब नसेल तिथे मिनीपिअर्स. हृदयाचे आकडे या गणितात धरलेले नाहीत, ते त्याच्या वर जोडून वाचायचे.

एसफ्लिट-वन आणि पीएलजीएफ या वारेतून येणाऱ्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर ही वेगळी चाचणी, तिची गल्लत करू नये. ती वारेचा आजार मोजते. गुणोत्तर ३८ किंवा कमी आलं तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फारच कमी. निदान पक्कं झालेल्या बाईच्या फुप्फुसांत पाणी भरेल का, हे त्यातून कळत नाही.

नमुना: आकडा इथेच बिघडतो

पहिला नमुना भरती करतानाच, सीबीसी, क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्यांच्या टोचणीतच घ्या. बीएनपी असेल तर जांभळ्या झाकणाची प्लास्टिकची ईडीटीए ट्यूब, काचेची नको. चार तासांच्या आत लॅबला पोचली पाहिजे. एनटी-प्रोबीएनपी बहुतेक मशीनवर सिरममध्ये (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पिवळसर पाणी) चालतं, लाल किंवा पिवळ्या झाकणाची ट्यूब, तरी किटचा कागद वाचूनच ठरवा. हे टिकाऊ आहे, खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवस तग धरतं. पण खोलीचं तापमान म्हणजे २०-२५ अंश. भुसावळच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना मोटारसायकलच्या डिकीत तासभर राहिलेली ट्यूब त्यात बसत नाही. रक्त गोठू द्या, सिरम वेगळं करा, मग आइसपॅक घातलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये पाठवा. ट्यूब आणि आइसपॅकमध्ये कापडाची घडी असू द्या.

बारीक सुईने जोरात ओढलेलं रक्त फुटतं. लालसर सिरमवर ट्रोपोनिन टी कमी दिसू शकतं आणि ट्रोपोनिन आय किटप्रमाणे कुठल्याही बाजूला सरकू शकतं. असा नमुना परत घ्यावा. केस-नखांसाठीच्या गोळ्यांमधलं बायोटिनही काही मशीनना फसवतं, तेव्हा गोळ्यांबद्दल विचारा.

खाटेजवळच्या छोट्या मशीनच्या कार्ट्रिज बऱ्याचदा ३० अंशांच्या आतच ठेवायच्या असतात. लाइट गेल्यावर कपाटाचं तापमान कितीवर जातं हे एकदा थर्मामीटर ठेवून बघा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून वापरण्याआधी बाहेर काढा.

ट्यूबवर नावासोबत वेळ लिहा, आणि ‘बाळंतपणाआधी’ की ‘नंतर’ तेही. नसेल तर आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

एनटी-प्रोबीएनपी कसं वाचायचं

पिकोग्रॅम प्रति मिली आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच. पिकोमोल प्रति लिटर असेल तर साधारण साडेआठने गुणा.

निरोगी गरोदरपणात रक्त वाढूनही हा आकडा फारसा चढत नाही. शेवटच्या महिन्यांतही बहुतेकींचा ३००च्या खालीच असतो. प्रीएक्लॅम्प्सियासाठी सर्वमान्य अशी वेगळी सीमारेषा नाही, हार्ट फेल्युअरच्या आकड्यांवरच काम भागवावं लागतं. कामापुरती विभागणी अशी: १२५च्या खाली ताण कमी, १२५ ते ३०० मध्ये नजर ठेवायची, काही बदललं की पुन्हा नमुना, ३००च्या वर (बीएनपी १००च्या वर) ईसीजी, शक्य तितक्या लवकर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि सलाईनवर कडक लगाम. हजाराच्या वर असेल तर हृदय प्रत्यक्ष कमजोर झालंय का, म्हणजे पेरिपार्टम कार्डिओमायोपथी आहे का, हे इकोवर पाहिल्याशिवाय स्वस्थ बसू नये. तिच्यात इजेक्शन फ्रॅक्शन ४५ टक्क्यांच्या खाली असतं.

आता खानदेशातली खरी अडचण. ॲनिमिया, सिकलसेलमुळे वाढलेला फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब, संधिवातज्वराने अरुंद झालेली मायट्रल झडप, क्रिएटिनिन वाढलेलं असणं, जंतुसंसर्ग, या सगळ्यांत आकडा वाढतो. मग कोणी म्हणतं, “हा ॲनिमियाचा आकडा आहे, सोडून द्या.” असं सोडायचं नाही. कारण कुठलंही असो, हे हृदय जास्तीचं पाणी पेलणार नाही, एवढं तो आकडा सांगतोच. ॲनिमियाने वाढला असला तरी सलाईन कमीच द्यायचं आहे. उलट स्थूल बाईत आकडा खोटा कमी येतो. तिथे २०० वाचूनही गाफील राहू नये.

सिकलसेलच्या बाईत पेच आणखी मोठा. क्रायसिस (विळ्यासारख्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून उठणारं तीव्र दुखणं) टाळायला पाणी भरपूर हवं आणि प्रीएक्लॅम्प्सियात पाणी मोजून हवं. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडने ती कोरडी पडली तर क्रायसिस येऊ शकतो. ताप, छातीत दुखणं आणि एक्स-रेवर ठिगळ असेल आणि एनटी-प्रोबीएनपी कमी असेल, तर पाण्यापेक्षा ॲक्यूट चेस्ट सिंड्रोमचा (सिकलसेलमुळे फुप्फुसांत होणारी गंभीर गुंतागुंत) विचार आधी करा. अशी बाई ग्रामीण रुग्णालयात ठेवूच नका.

ट्रोपोनिन

हे सगळ्यांना नको. छातीत, जबड्यात वा पाठीत दुखत असेल, ईसीजी बदलला असेल किंवा एनटी-प्रोबीएनपी फार वाढलं असेल तरच. प्रीएक्लॅम्प्सियात बहुतेकींचं ट्रोपोनिन मर्यादेतच असतं. म्हणून वाढलेलं सापडलं तर ‘बीपीमुळे असेल’ म्हणून सोडायचं नाही. हार्ट अटॅक, बाळंतपणाच्या आसपास आपोआप चिरलेली हृदयधमनी, मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज), फुप्फुसातली गुठळी, सगळ्यांचा विचार करा. तीन तासांनी दुसरा नमुना घ्या. चढता आकडा ताजी इजा सांगतो.

एककाचा घोळ नेहमीचा आहे. ०.०४ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे ४० नॅनोग्रॅम प्रति लिटर. फोनवर “ट्रॉप चाळीस आहे” ऐकलं की एकक विचारा, आणि बायकांसाठीची मर्यादा त्याच किटची घ्या.

आकडा हाती आल्यावर

समजा, २४ वर्षांची, पहिलटकरीण, ३३ आठवडे. बीपी १६४/११२, लघवीत ३+, ऑक्सिजन ९५, श्वास २४, हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट १.३ लाख, क्रिएटिनिन ०.९. एनटी-प्रोबीएनपी ६४०. रिपोर्ट येण्याआधीच तिला लॅबेटॅलॉल आणि मॅग्नेशियम गेलेलं आहे, बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन ६ मिग्रॅचा पहिला डोसही (पुढे बारा तासांनी एक, असे एकूण चार).

६४०मुळे बदललं काय? पहिलं, सलाईन. सगळं मिळून ताशी ८० मिलीच्या वर नाही, आणि ‘सगळं’ म्हणजे अँटिबायोटिकची बाटली आणि ऑक्सिटोसिनचं सलाईन धरून. २० थेंबांना १ मिली देणाऱ्या सेटवर ते मिनिटाला साधारण २७ थेंब होतात. सेटचं पाकीट पाहा, काही १५ थेंबांचे असतात. दुसरं, कॅथेटर आणि तासागणिक लघवीची नोंद. लघवी कमी झाली म्हणून बाटली जोरात सोडायची, ही या आजारातली सर्वांत महागात पडणारी चूक. क्रिएटिनिन आणि रक्तस्राव तपासा, पाणी ओतू नका. तिसरं, रक्त द्यायचंच असेल तर पॅक्ड सेलची (फक्त लाल पेशींची) एकच पिशवी, तीन-चार तासांत, डॉक्टरांनी ठरवल्यास सोबत फ्युरोसेमाइड २० मिग्रॅ. चौथं, टर्ब्युटालिन किंवा आयसॉक्सुप्रिनसारखी कळा थांबवणारी औषधं नाहीत, बाळंतपणानंतर गर्भाशय आवळणारं मेथर्जिन नाही, ऑक्सिटोसिन एकदम शिरेत नाही. आणि पाचवं, ही बाई इको आणि आयसीयू असलेल्या ठिकाणी गेली पाहिजे, श्वास अजून ठीक असतानाच.

याच बाईचा आकडा ९० आला असता तर? बीपी १६४/११२ आहेच, म्हणजे आजार गंभीरच. रेफर करणं टळत नाही, घाई कमी होत नाही. झटके, हेल्प सिंड्रोम (रक्तपेशी फुटणं, यकृत बिघडणं, प्लेटलेट घटणं) किंवा वार सुटणं यांबद्दल एनटी-प्रोबीएनपी हमी देत नाही. फक्त आत्ता या घडीला हृदय ताणलेलं नाही एवढंच.

धाप वाढली, फुप्फुसाच्या तळाशी दोन्हीकडे चरचर ऐकू आली तर बसतं करा, ऑक्सिजन लावा, सलाईन बंद, फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ शिरेतून, बीपी उतरवा. सोनोग्राफी हाताशी असेल तर छातीवर प्रोब ठेवून एका भागात तीन किंवा जास्त बी-रेषा (फुप्फुसातलं पाणी दाखवणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा) दिसतात का पाहा (मशीन पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या, नोंदणीतलंच हवं, हे सांगायला नको). एवढ्यावर काम सुरू करता येतं, रिपोर्टची गरज नाही.

रेफर करताना

चांदसैली घाटातून नंदुरबारला उतरायचं असेल तर पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद होऊ शकतो. निघण्याआधी रस्ता आणि पुढचं रुग्णालय, दोन्हींना फोन करा. नंदुरबारला जागा नसेल तर धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. चोपडा, यावल, रावेरकडून जळगाव. धाप असलेल्या बाईला १०८मध्ये आडवं झोपवू नका, पाठ उंच ठेवा. धाप नसेल तर डाव्या कुशीवर.

चिठ्ठीत ‘सिव्हिअर पीई, रेफर्ड’ एवढ्याने भागत नाही. आठवडे, शेवटचं बीपी आणि वेळ, मॅग्नेशियम किती, कुठे, किती वाजता, गुडघ्याचा झटका, आतापर्यंत गेलेलं सलाईन आणि आलेली लघवी मिलीमध्ये, ऑक्सिजन, सिकलसेलची स्थिती, आणि एनटी-प्रोबीएनपीचा आकडा एकक आणि नमुन्याच्या वेळेसह.

बाळंतपणानंतरचा आठवडा

ऊतींमध्ये साचलेलं पाणी तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत रक्तात परत येतं, आणि बीपीही तेव्हाच पुन्हा चढतं. ४८ तासांत सुट्टी दिली तर हे सगळं घरी घडतं. आधीचा आकडा ३००च्या वर असलेल्या बाईला किमान ७२ तास ठेवा, शक्य असेल तर पाच दिवस. दुसरा नमुना ४८ ते ७२ तासांत घ्या. बाळंतपणानंतर पहिल्या दिवसांत आकडा निरोगी बायांतही थोडा वाढतो, म्हणून जराशी वाढ पाहून दचकू नका. दुप्पट झाला किंवा धाप सोबत असेल तर इको. मॅग्नेशियम शेवटच्या झटक्यानंतर किंवा बाळंतपणानंतर, जे नंतर असेल तिथून, २४ तास. दूध पाजणाऱ्या आईला निफेडिपिन, लॅबेटॅलॉल चालतात; एनालाप्रिलही चालतं, जे गरोदरपणात अजिबात चालत नाही.

सुट्टीनंतर बीपी तीन दिवसांत आणि मग सात ते दहा दिवसांत. बाई माहेरी असते, म्हणून सासरच्या नाही तर माहेरच्या आशाताईंचा नंबर कार्डावर हवा. आकडा वाढलेलाच असेल तर सहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा नमुना आणि इको. प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हार्ट फेल्युअरची जोखीम साधारण चौपट, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताची दुप्पट असते. वर्षातून एकदा बीपी आणि साखर पाहायलाच हवी.

नंदुरबार-धुळ्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. अशा बाईची फाइल इथल्या कपाटात पडून उपयोग नाही. इकोचा रिपोर्ट, दोन्ही आकडे आणि औषधांची यादी यांचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलवर पाठवा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्याच हाती द्या.